बिनवायरवाला मिस्त्री

"बोलू नका. तो आयकून राह्यला."

असं म्हणून आमचा मिस्त्री डाव्या हाताची दोन बोटं वर करायचा. मग मंडपातली सगळी माणसं, सतरंज्या अंथरणारे, हार आणणारे, खुद्द समितीचे अध्यक्ष, जागच्या जागी मुकाट उभी राहायची. 'तो' म्हणजे टेबलावरचा एक जुना रेडिओ. मिस्त्री साबणाच्या डबीएवढी एक पेटी तोंडाशी धरून मंडपाच्या दाराकडे चालू लागायचा. दुसरे माइकवाले "हॅलो, हॅलो" करतात. हा आगगाडीची स्टेशनं म्हणायचा. "बोरगाव. काटेपूर्णा. मूर्तिजापूर. माना. कुरूम. बडनेरा."

मी एकदा विचारलं, हे काय खूळ आहे म्हणून.

"हॅलोत काय हाय गुरुजी? नुसती हवा. काटेपूर्णा म्हणून पाहा. क हाय, ट हाय, प हाय. काटेपूर्णा साफ गेलं का मंग पुढारी बी साफ जाते."

काटेपूर्णा साफ जायचं. मूर्तिजापूरला खरखर सुरू व्हायची. कुरूमच्या आसपास भोंग्यातून अशी काही किंकाळी निघायची की झाडावरचे कावळे उडायचे आणि माझं डोकं उठायचं. "अटकला," मिस्त्री म्हणायचा. "आवाज गेला नाही गुरुजी, अटकला हाय. दम धरा." दम धरून धरून माझी दहा वर्षं गेली.

मी अकोल्याला शाळामास्तर होतो आणि आमच्या समितीचा चिटणीस. धम्माची दीक्षा घेतल्यानंतर आमच्या लोकांत बोलण्याचा आणि ऐकण्याचा एक हुरूप आला होता. दर एप्रिलात जयंती, अधूनमधून सभा, कधी शहरात तर कधी मूर्तिजापूरकडच्या खेड्यांत. मंडप, पाण्याचे रांजण, पाहुण्यांचा चहा आणि माइक हे सगळं माझ्या बोकांडी. माझा स्वभाव तापट आहे, लपवून काय करू? सभा वेळेवर सुरू झाली नाही की मला जेवण जात नसे.

आता गंमत पाहा. वायरचा साधा माइक लावावा तर याच मिस्त्रीनं. अख्ख्या अकोल्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. भोंगा कुठल्या झाडावर, किती उंचीवर, कोणत्या अंगाला तोंड करून बांधायचा हे तो नुसता मंडपात एक चक्कर मारून सांगायचा. मोटारीच्या एका बॅटरीवर चार तासांची सभा निभवायचा. असा माणूस सुखानं वायरचा माइक का लावत नव्हता? देव जाणे. आणि देव तर आम्ही सोडलेले, तेव्हा विचारायचं तरी कोणाला!

त्याला बिनवायरचा माइक करायचा होता. डबीत बोलायचं. डबीतून एक वायर खांद्यावरच्या पिशवीत, पिशवीत बॅटऱ्या आणि काचेचा छोटा व्हॉल्व्ह. तिथून आवाज हवेतून टेबलावरच्या रेडिओत, रेडिओतून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, तिथून भोंग्यात. म्हणजे बोलणाऱ्यानं खांबासारखं एका जागी उभं राहायला नको, हिंडत बोलावं. आज तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? पण तेव्हा आमच्याकडे नुसता भोंगा पाहायलाही माणसं लोटायची.

"याला सरकारचा परवाना लागतो ना?" मी विचारलं होतं.

"अर्ज टाकला हाय. उत्तर येईपर्यंत टेस्टिंग करून राह्यलो."

पहिल्या वर्षी त्यानं दुकानात, पौषाच्या थंडीत, मला करून दाखवलं. काय सुरेख चाललं! एप्रिलात सभेला आणलं. अकोल्याचा एप्रिल म्हणजे काय ते अकोल्यात राहिलेल्यालाच ठाऊक. डबीतली तारेची गुंडाळी त्यानं मेणानं चिकटवली होती. वक्त्यांनी 'बंधूंनो आणि भगिनींनो' म्हटलं आणि मेण पातळ झालं. गुंडाळी ढिली पडली, आवाज रेडिओच्या काट्यावरून हळूहळू सरकायला लागला. वक्ते पुढे, आवाज मागे, आणि मिस्त्री रेडिओचं बटण पिळत त्या आवाजाचा पाठलाग करतोय.

"थंडीत टेस्टिंग झाली होती गुरुजी," तो नंतर म्हणाला.

"तुम्ही अकोल्यात राहता की सिमल्यात?" मी ओरडलो. त्यानं मान खाली घातली आणि पुढच्या वर्षी मेणाऐवजी सीलबंद पाकिटावरची लाख लावून आणली.

लाखेच्या वर्षी वेगळीच तऱ्हा. डबी वक्त्याच्या छातीवर टांगली होती. आमच्या लोकांना हार घालायची हौस मोठी. त्यात उन्हानं फुलं सुकू नयेत म्हणून कोणीतरी प्रेमानं हारांवर लोटाभर पाणी मारून आणलेलं. अकरा हार पडले. ओल्या झेंडूचं पाणी डबीत उतरलं आणि बोलता बोलता आमचे वक्ते असे काही उडाले की पुढच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, भाषणातलाच भाग आहे. वक्त्यांनी पुन्हा आमच्याकडे पाऊल टाकलं नाही.

अशी एकेक वर्षं. दर वेळी मी चिडायचो, मिस्त्री वायरचा माइक जोडून सभा पार पाडायचा आणि जाताना म्हणायचा, "आता समजलं कुठी चुकलं ते." या वाक्याची मला शेवटी शेवटी इतकी चीड आली की एकदा मी त्याला म्हटलं, "मिस्त्री, तुम्हाला नेहमी समजतं, आणि आम्हाला नेहमी भोगावं लागतं." तो हसला. तो रागवायचा नाही, हाच तर त्याचा खरा त्रास. भांडायला दुसरा माणूस तयारच नाही तर भांडावं कसं?

शेवटी मीच समितीत ठराव आणला. यापुढे समितीच्या कोणत्याही कार्यक्रमास वायरचाच माइक लावावा. एकमतानं पास. ठरावाचा कागद खिशात घालून मी त्याच्या दुकानात गेलो, आणि खोटं कशाला बोलू, जाताना मला बरं वाटत होतं.

स्टेशनकडच्या रस्त्यावर त्याचं बोळकांडीएवढं दुकान होतं. आत एक म्हातारा ती डबी तोंडाशी धरून, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून दारापर्यंत, चालत होता. हे मिस्त्रीचे वडील. राहायला खेड्यात, छातीच्या दुखण्यासाठी अकोल्याच्या दवाखान्यात आलेले. आवाज अगदी बसलेला. चार हातांवरचं बोलणं कान देऊन ऐकावं लागे.

मिस्त्रीनं ठराव वाचला, घडी केली. "बरोबर हाय," म्हणाला.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमीच ना? तुमीच मले उतरवलं होतं."

मला काही उमगेना. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी मूर्तिजापूरच्या सभेत जुन्या माणसांनी दोन शब्द बोलावेत असं ठरलं होतं. हे आजोबा माइकपुढे उभे राहिले आणि उभेच राहिले. तोंडातून शब्द नाही. लोक हसू लागले. कार्यक्रमाला उशीर होत होता, म्हणून मी त्यांचं कोपर धरून "आजोबा, बसा आता" म्हणत त्यांना खाली आणलं होतं. आणि विसरूनही गेलो होतो.

"पाय थांबले का माहं तोंड थांबते," आजोबा म्हणाले. "चालीस वर्सं दवंडी देल्ली. चालता चालता बोलाची सवय. एका जागी उभं राहून कसं बोलाव बाप्पा?"

मिस्त्री आतापर्यंत मला हे काहीच बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला, तेही सोल्डरिंगचं काम करता करता, माझ्याकडे न पाहता. गावची दवंडी आमच्याच लोकांच्या माथी असे, हे तुम्हाला ठाऊक असेल. पाटील सांगेल ते गल्लोगल्ली ओरडायचं. एका कोरड्या उन्हाळ्यात नदीच्या पात्रात वाळू उकरून केलेले दोन झिरे होते. वरच्याचं पाणी गोड, खालच्यावर गुरं. पाटलानं दवंडी द्यायला लावली, की उद्यापासून वस्तीतल्या कोणी वरच्या झिऱ्यावर पाय ठेवू नये. आणि वस्तीला ही दवंडी दिली ती वस्तीतल्याच माणसानं. तीन गल्ल्या. शेवटच्या गल्लीत त्याचं स्वतःचं घर. दवंडी कोणाचं दार वगळत नाही. दारात बायको रिकामी घागर घेऊन उभी होती. तिच्यापुढून चालत जात त्यानं ती दवंडी पुरी केली.

"माय खालच्या झिऱ्यावर जाऊ लागली," मिस्त्री म्हणाला. "त्या गोष्टीवर ते आजपर्यंत बाबाले एक शब्द बोलली नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही."

"आता तर गावात विहीर झाली," मी म्हटलं. "झिऱ्याचं काय घेऊन बसलात?"

म्हाताऱ्यानं डबी खाली ठेवली. "गुरुजी, देल्लेली दवंडी दवंडीनंच मोडते. दुसऱ्यानं मोडून नाही मोडत. ज्यानं देल्ली त्यानं चालून द्या लागते, त्याच गल्ल्यांत. म्या दुसऱ्याच्याच दवंड्या देल्ल्या, माही एक नाही. आता एक द्याची हाय, तं आवाज नाही राह्यला."

मी कागद परत मागितला. मिस्त्रीनं दिला. मी तो खिशात घातला आणि घरी येऊन बायकोवर उगाच खेकसलो. दहा वर्षं मी ज्याला मिस्त्रीचं खूळ म्हणत होतो, ते हे होतं. त्यानं एकदा तोंड उघडून सांगितलं असतं तर? पण सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, याचीही मला खात्री नाही.

त्या वर्षीची जयंती मी हट्टानं त्यांच्या गावात घेतली. समितीत वाद झाला, मी आवाज चढवला, माझाच ठराव मागे घेतला, जमलं. तोपर्यंत मिस्त्रीनं व्हॉल्व्ह काढून ट्रान्झिस्टर बसवला होता. डबी हलकी, तापणं नाही. मेण नाही, लाख नाही, हार तर मी आधीच बंद करून टाकले होते. एक भोंगा शाळेच्या छपरावर, एक वस्तीच्या तोंडाशी कडुलिंबावर. दुपारी मिस्त्री तिन्ही गल्ल्या फिरून आला आणि स्टेशनं बडनेऱ्यापर्यंत स्वच्छ ऐकू आली. माझा कानांवर विश्वास बसेना.

चार वाजता, उन्हं जरा कलली तेव्हा, त्यानं मला रेडिओपाशी बसवलं. "काटा हलला तं एवढाच फिरवा. जास्त नका फिरवू, तुमचा हात जड हाय." मग तो वडिलांबरोबर पहिल्या गल्लीच्या तोंडाशी गेला. मंचावर अमरावतीहून आलेले प्राध्यापक पाहुणे बसले होते. मी त्यांना म्हटलं, दहा मिनिटं. ते घड्याळाकडे पाहून हसले.

दवंडीची हलगी आजोबांनी दीक्षेच्या साली नदीत सोडली होती. त्यामुळे काठी जमिनीवर तीनदा आपटायची ठरली होती. ठक, ठक, ठक. भोंग्यातून लख्ख ऐकू आलं. आणि मग,

"ऐका हो ऐका!"

काय सांगू तुम्हाला! तो बसलेला, भेगाळलेला आवाज कडुलिंबावरून सगळ्या गावावर पसरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाललं! दहा वर्षांनी चाललं!

आणि आवाज थांबला.

मी काटा हलवला. काटा जागेवरच होता. भोंग्यातून म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे पेटी चालू होती. थोड्या वेळानं पुन्हा ठक, ठक, ठक. "ऐका हो..." आणि पुन्हा शांत. मग भोंग्यातूनच, जरा चिडून, "कोन होय रे तो? मधामधात काहून बोलून राह्यला? बरं, तुमचं होऊ द्या आगुदर."

पुन्हा नुसता श्वास. साऱ्या गावावर एका म्हाताऱ्याचा श्वास चालला होता आणि मंडपातली माणसं माझ्याकडे पाहत होती. प्राध्यापकांनी दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. मी घामानं निथळत होतो आणि मनात मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता.

मिस्त्री धावत आला. "बंद करा गुरुजी."

"अहो, पण चालू आहे!"

"चालू हाय म्हणूनच बंद करा. बाबाले वाटते झाडावर दुसरा कोनी दवंडी देऊन राह्यला. एक जन देत असला तं दुसऱ्यानं थांबा लागते, असा रिवाज हाय. त्याचं झाल्याशिवाय मी देत नाही म्हणतात."

"मग सांगा त्यांना, तुमचाच आवाज आहे म्हणून!"

"सांगितलं. म्हणतात, माहा आवाज मले वळखू येत नाही का? असा माजेल आवाज पाटलाचा असते, माहा नाही."

मला हसावं की रडावं ते कळेना. मी म्हटलं, समजावा, पुन्हा समजावा, दोन मिनिटं द्या मला, मी येऊन समजावतो. दहा वर्षं! मेण वितळलं तेव्हा, पाणी शिरलं तेव्हा, मी या माणसाला काय काय बोललो होतो. आज पहिल्यांदा काही बिघडलं नव्हतं आणि हा म्हणतो बंद करा. मी दोन्ही हातांनी बटण झाकून बसलो, खरंच सांगतो, पोरासारखा.

"त्याइले आज द्याची हाय गुरुजी," मिस्त्री म्हणाला. "माइक नाही दाखवाचा. दवंडी द्याची हाय." त्यानं माझे हात हळूच बाजूला केले आणि स्वतः बॅटरीची वायर काढली. भोंगा टक् करून गप्प झाला.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. त्या दिवसानंतर मिस्त्रीनं ती पेटी कधी बाहेर काढली नाही. वायरचे माइक लावत राहिला, उत्तम लावत राहिला. मी विचारलं की म्हणायचा, "तिचं काम झालं." मला अजूनही तसं वाटत नाही. पुढं त्याला वडिलांचंच छातीचं दुखणं लागलं आणि त्यातच तो गेला. दुकानाच्या जागी आता घड्याळवाला बसतो. मी त्या रस्त्यानं जायचं टाळतो.

तर, आम्ही दोघं गल्लीत गेलो. आजोबांनी वर झाडाकडे एकदा पाहिलं, दुसऱ्याचं आटोपलं याची खात्री केली आणि चालू लागले. डबी त्यांच्या हातातच होती, ती तोंडाशी धरायचं ते विसरले होते. काठी तीनदा आपटायची, चार पावलं चालायची, आणि बोलायचं.

"ऐका हो ऐका. वरच्या झिऱ्यावर पाय ठेवू नये, अशी दवंडी म्या देल्ली होती. ते दवंडी पाटलाची होती. ते म्या मांगं घेतली हो! हे दवंडी माही हाय."

सात-आठ हातांपलीकडे काही ऐकू जात नव्हतं. मग लोकच जवळ आले. आधी आपापल्या दारांतून वाकून पाहत होते, नंतर खाली उतरले. म्हातारी माणसं कानामागे हात धरून उभी राहिली. दुसऱ्या गल्लीत मागं वळून पाहिलं तर मंडपातली अर्धी सभा तिथं होती आणि प्राध्यापक चपला हातात धरून गटार ओलांडत होते. दोनदा खोकल्यानं आजोबा वाकले. मिस्त्रीनं पाणी पुढं केलं, ते त्यांनी हातानं बाजूला सारलं.

तिसऱ्या गल्लीत त्यांचं घर. दारात मिस्त्रीची माय उभी होती, डोक्यावर पदर, हात मोकळे. आजोबा तिच्यापुढे थांबले. इतक्या जवळ की मध्ये फक्त उंबरा. काठी तीनदा आपटली आणि थांबलेल्या पायांनीच त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं म्हटलं.

"आयकू नाही आलं," म्हातारी म्हणाली.

या बाईचा कान किती तिखट होता ते मला माहीत होतं. सकाळी ओसरीवर बसून चहा फार गोड आहे असं मी स्वतःशीच पुटपुटलो होतो, तर आतून चुलीपाशी तिनं ते ऐकलं होतं. पण माझं डोकं तेव्हा ठिकाणावर कुठं होतं? मी मिस्त्रीच्या दंडाला धरून म्हटलं, "अहो, मी जातो, ती वायर जोडतो. ऐकू येत नाही त्यांना."

त्यानं नुसती मान हलवली. तो भिंतीला टेकला होता आणि त्याचा चेहरा पार भिजला होता.

"पुन्हा द्या," माय म्हणाली. आजोबांनी काठी उचलली.